पाचव्या घरचा जोगवा

देवावर तुझा विश्वास आहे का, असं मला कोणी विचारलं असतं तर मी विषय बदलला असता. नाही म्हणायची हिंमत नव्हती आणि हो म्हणण्याइतकी खात्री नव्हती. आमच्या साताऱ्याच्या घरी सकाळ-संध्याकाळ दिवा लागतो. आई पोथी वाचते तेव्हा मी मागे उभी राहून हात जोडते. इंग्रजी शाळेत शिकल्यामुळे पोथीतले निम्मे शब्द कळत नाहीत, आणि ते विचारायला लाजही वाटते. पण ज्या नवरात्राबद्दल मी लिहिते आहे, त्याच्या आधी वर्षभर तर मी देवाशी बोलणंच टाळत होते. बोलायचं म्हटलं तर पहिलं नाव ताईचं निघालं असतं. आणि आमच्या घरात तेव्हा ताईचं नाव निघालं की त्याच्यापुढचं वाक्य कुणालाच सुचत नसे.

ताई माझी एकुलती एक बहीण. तिचं लग्न मामानं जमवलं. मामा कुंडलला राहतो, आणि ताईचं सासर तिथून पलूसच्या बाजूला, मळ्यातल्या वस्तीवर. बारमाही ऊस, दारात ट्रॅक्टर, गोठ्यात जनावरं, सासरे नाहीत, सासू आणि एकुलता एक मुलगा. सगळ्यांनी तिला नशीबवान म्हटलं. दाजी, म्हणजे ताईचा नवरा, बोलायला इतका गोड होता की आमच्या शेजारच्या काकू त्याचं उदाहरण देत. लग्नानंतर काही वर्षांनी ताई एकदा लेकीला, आमच्या आरूला, कडेवर घेऊन एकटीच साताऱ्याला आली. तिचा एक डोळा सुजून मिटला होता. बाथरूममध्ये घसरले, असं तिनं सगळ्यांना सांगितलं आणि स्वयंपाकघरात आईला खरं सांगितलं. मी बाहेर भिंतीला टेकून ऐकत होते. त्या मुक्कामात आरू चप्पल घालून झोपायची. काढायला गेलं की पाय आखडून घ्यायची. "पळायला लागलं तर?" असं ती मला म्हणाली. ती तेव्हा धड चार वर्षांचीही नव्हती.

मग मामाच्या घरी सोप्यात, पुढच्या पडवीत, बैठक झाली. दाजीनं देवाच्या दिव्यावर हात धरून शपथ घेतली की परत हात उचलणार नाही. बाबा सैन्यातून निवृत्त झालेले, शब्दाला जीवापेक्षा जपणारे. त्यांनीही आपल्या बाजूनं शब्द दिला की आमच्याकडून कुणी बोलावल्याशिवाय त्यांच्या दारात येणार नाही, संसारात लुडबूड करणार नाही. आईनं ताईची ओटी भरली आणि ताई परत गेली. जाताना ती कुणाकडेही बघत नव्हती.

त्यानंतर आमच्या घराचं काय झालं ते बाहेरून कुणाला दिसलं नसतं. मार ताईला बसत होता, पण घर आमचंही दबकून चालायला लागलं. बाबा टीव्हीचा आवाज वाढवून बसायचे आणि बघायचे मात्र खिडकीबाहेर. आई फोन उशाशी घेऊन झोपायची, अंघोळीला जाताना माझ्या हातात देऊन जायची. मी घरूनच एका कंपनीचं काम करते. मीटिंगमध्ये एखाद्या माणसानं आवाज चढवला, तो माझ्यावर नसला तरी, मी कॅमेरा बंद करून बसायची. मला स्थळं येत होती. एकेका मुलाचा फोटो आला की मी त्याच्या चेहऱ्याऐवजी हातांकडे बघायची. नको म्हणायची, कारण सांगायची नाही. आईही विचारायची नाही.

ताईचा फोन यायचा, पण नेहमी स्पीकरवर. मागे सासूच्या खोकल्याचा आवाज. "बरी आहे, तू बरी आहेस ना, आरू शाळेत जाते," एवढंच. त्या वर्षी गणपती झाले आणि तेही थांबलं. आई फोन करायची तर सासू उचलायची. "रानात गेलीया. जनावरांकडं गेलीया. झोपलीया." प्रत्येक वेळी काहीतरी वेगळं. महिलांच्या मदतीचा सरकारी नंबर मी दोनदा लावला आणि वाजायच्या आत कापला. ताईनंच मागे मला शपथ घातली होती, "पोलीस दारात आले तर ते गेल्यावर मला कोण वाचवणार?" 

नवरात्र तोंडावर आलं आणि आईला चक्कर येऊन ती पडली. रक्तदाब इतका वाढलेला की डॉक्टरांनी प्रवासच बंद केला. आईचं माहेर कुंडल. ताईच्या लग्नापासून दर नवरात्रात तिथं जाऊन शुक्रवारी पाच घरं जोगवा मागायचा, असा आईचा नेम होता. परडी हातात घेऊन देवीच्या नावानं दारोदार पीठ-धान्य मागायचं, आणि मागून आणलेल्या त्या पिठाचाच नैवेद्य करायचा. "या वर्षी तू जा, माझ्या नावानं पाच घरं माग," आई म्हणाली. मी हो म्हटलं. आईला वाटलं मी तिच्या नेमासाठी हो म्हणाले. मी हो म्हणाले ते कुंडलहून ताईचं घर जवळ आहे म्हणून. बाबांनी मला बसस्टँडवर सोडलं. पिशवी हातात देताना म्हणाले, "वस्तीवर जायचं नाही. मी शब्द दिलाय." मी मान हलवली. ती मान कशी हलली होती, हो म्हणून की नाही म्हणून, ते माझं मलाही सांगता आलं नसतं.

मामानंही पोचल्या पोचल्या तेच ऐकवलं. "सणासुदीचं तिकडं जाऊन नवीन काय काढू नका. दिवाळीला बघू." मामी मात्र वेगळ्या मातीची. तिचा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत जातो. शुक्रवारी सकाळी तिनं माझ्या गळ्यात कवड्यांची माळ घातली, परडीत देवीचा टाक, म्हणजे पत्र्यावर उठवलेली छोटी मूर्ती, ठेवला, माझ्या कपाळावर मळवट भरला आणि मला अनवाणी दारात उभं केलं. परडी हातात घेतल्यावर मला रडूच यायला लागलं. भक्तीनं नाही, लाजेनं. कॉलेजातलं कोणी बघेल का, असलेच विचार. मी कधी रिक्षावाल्याला मोठ्यानं हाक मारलेली नाही, आणि आता लोकांच्या दारात ओरडून मागायचं.

"आवाज फुटंना व्हय?" मामी म्हणाली. "मग इंग्लिशमधी माग. देवीला समदं कळतंय."

पहिल्या चार घरी मामीनंच हाक दिली. मी नुसती परडी पुढे करायची, बाया मूठभर पीठ किंवा ज्वारी घालायच्या, मी त्यांना कुंकू लावायची. मामी प्रत्येक दारात माझी ओळख करून देत होती. "ही आमच्या नणंदंची धाकटी. बोलत न्हाई, पर ऐकती लय." बाया हसत होत्या. त्यांच्या हसण्यात वाईट काही नव्हतं, तरी मला जमिनीत शिरावंसं वाटत होतं. आणि प्रत्येक घर संपलं की मी उरलेली घरं मोजत होते, कारण पाचवं घर झालं की माझं इथलं काम संपणार होतं, आणि ताई कशी आहे हे न बघताच मी साताऱ्याला परतणार होते.

चौथ्या घराच्या ओट्यावर एक आराधीण बसली होती. देवीच्या सेवेला वाहून घेतलेल्या, परडी घेऊन गावोगाव फिरणाऱ्या बायांना आमच्याकडे आराधीण म्हणतात. उंच, हाडकुळी, पिकलेल्या केसांची, कपाळभर मळवट. जतच्या बाजूची असावी, बोलण्यात कानडीचा हेल होता. बशीतून चहा पीत तिनं मला नखशिखांत न्याहाळलं आणि विचारलं, "पाचवं घर कुठलं गं तुझं?"

पाचवं घर मामीच्या शेजारणीचं ठरलं होतं. अनोळखी माणसाला मी माझं नावही लवकर सांगत नाही. पण माझ्या तोंडून निघालं, "बहिणीचं."

मामी गर्रकन वळली. "आगं, काय बोलतीस? तुझ्या मामाला कळलं म्हंजे?"

"कुठं ऱ्हाती बहीण?" आराधिणीनं विचारलं. मी मळ्याच्या दिशेनं हात केला. पुढे काही सांगितलं नाही. तिनंही विचारलं नाही. बशी खाली ठेवली, आपली परडी उचलली आणि उठली. "मग हितं का थांबलायसा? चला."

"आवं बाई, आमच्या मालकांनी नको म्हणून सांगितलंय," मामी म्हणाली.

"तुझा मालक देवीपरास मोठा हाय?"

"मोठा न्हाई," मामी म्हणाली, "पर देवी काय माझ्या घरी रोज जेवाय बसत न्हाई, ते बसत्यात." आणि असं म्हणतच तिनं पदर खोचला आणि चालायला लागली.

दोन्ही बाजूंना उंच ऊस आणि मधून चिखलाची पाणंद. अनवाणी पायांना काळी माती गार लागत होती. मामी अखंड बोलत होती, आराधीण गप्प होती आणि माझ्या मनात एकच वाक्य फिरत होतं, मी बाबांचा शब्द मोडते आहे. त्याच्या खाली त्याहून मोठी भीती होती, की मी जाऊन आल्यावर त्याचा राग ताईवर निघेल. आमच्यासारख्या घरांतल्या माणसांना ही भीती ओळखीची असेल. मदत करायला पुढे टाकलेलं पाऊलच तिच्या अंगावर पडेल की काय, अशी. मी दोनदा थांबले. दोन्ही वेळा आराधीण न बोलता माझ्या मागे उभी राहिली, त्यामुळे मागे फिरायला वाटच उरली नाही.

वस्तीवर भावकीतली तीन-चार घरं लागून आहेत. ताईच्या अंगणात पोचल्यावर मी आराधिणीकडे पाहिलं, ती हाक देईल म्हणून. ती म्हणाली, "परडी तुझ्या हातात हाय. हाक तू दे." माझ्या घशातून आवाज येईना. मग आत कुठेतरी भांडं पडल्याचा आवाज झाला आणि त्या आवाजानंच दचकून मी ओरडले, "अंबाबाईचा जोगवा!" माझा आवाज मला पहिल्यांदाच एवढा मोठा ऐकू आला.

ताईची सासू बाहेर आली. मला ओळखून तिचा चेहरा बदलला, पण नवरात्रात परडी दारातून रिकामी पाठवायची कुणाची छाती होत नाही. "हिला कशाला आणलंसा?" एवढं ती मामीला म्हणाली आणि आतून वाटीभर पीठ घेऊन आली. हाकेनं आजूबाजूच्या घरातल्या बायाही दारात आल्या होत्या. त्यातली एक, नात्यानं ताईची चुलत जाऊ, सहज म्हणाली, "आत्ती, तुमच्यात नवरात्रात जोगवा सूनच घालती की. कुठं हाय ती?"

"तिला अडचण हाय," सासू म्हणाली. म्हणजे पाळी. "शिवायचं न्हाई कशाला."

त्यावर कोण काय बोलणार?  मला कळलं की दार बंद झालं. तेवढ्यात सासूच्या मागून आरू पुढे आली. मला बघून ती हसली नाही, जवळही आली नाही. लहान मूल मोठ्यांची चूक सुधारतं तशी शहाण्या आवाजात ती म्हणाली, "आजी, आईनंच घटाला पाणी घातलं की सकाळी. डाव्या हातानं."

अंगणातल्या बाया एकमेकींकडे बघायला लागल्या. पाळी असलेली बाई घटाला हात लावत नाही, आणि देवाचं काहीही डाव्या हातानं होत नाही. तिथल्या प्रत्येक बाईला हे जन्मापासून माहीत. सासू आता खोटं बोलली असं तरी कबूल करणार, नाहीतर आपला घट विटाळला म्हणून तरी. चुलत जाऊ हळूच म्हणाली, "डाव्या हातानं का गं?" आरू म्हणाली, "उजवा लय दुखतोय तिचा." मग तिला वाटलं आपण काहीतरी चुकलो, आणि तिनं तोंडावर हात ठेवला.

"बोलवा सुनंला," आराधीण म्हणाली.

ताई आली. किती बारीक झाली होती. डोक्यावरून पदर, आणि उजवा हात पदराखाली. डाव्या हातात हिरव्या बांगड्या भरलेल्या होत्या. तिनं डाव्या हातानं सासूच्या हातातली पिठाची वाटी घेतली तेव्हा आराधीण म्हणाली, "उजव्या हातानं घाल, लेकी." ताईला कुणी काही सांगितलं की लगेच करायची सवय लागली होती. तिनं निमूट उजवा हात पदराबाहेर काढला. मनगट मोकळं होतं, एकही बांगडी नाही, आणि हात कोपरापासून खाली वाकडा, सुजलेला, हळदीनं पिवळा. वाटी निसटली. पीठ उंबऱ्यावर सांडलं. ताईच्या तोंडातून आवाज आला नाही. एवढं दुखूनही आवाज न करायला ती शिकली होती, आणि हेच मला सगळ्यात जास्त भयंकर वाटलं.

आराधिणीनं तिच्या हाताखाली आपला तळवा धरला. "दुखतंय तर दुखतंय म्हन की गं. देवीफुडं काय लपवतीस?"

ताईचे ओठ हलले. बऱ्याच वेळानं ती म्हणाली, "दुखतंय." मग पुन्हा, जरा मोठ्यानं, "लय दुखतंय."

आराधीण तिथंच उंबऱ्याशी मांडी घालून बसली, परडी पुढे ठेवून. "जोगवा अर्धा ऱ्हायलाय. अर्ध्या जोगव्यावर देवी उठत न्हाई. हिचा हात नीट करून आना. मी बसलीया."

तेव्हाच मोटरसायकलचा आवाज आला. आरू आत पळाली आणि पायात चप्पल घालून बाहेर येऊन माझ्या शेजारी उभी राहिली. दाजी गाडीवरून उतरला. अंगणातल्या बाया, उंबऱ्यातली आराधीण, मी, सगळं त्यानं बघितलं. मग त्यानं पायातल्या वहाणा काढल्या, पुढे आला आणि परडीतल्या देवीला वाकून नमस्कार केला. त्याच्यापासून हातभर अंतरावर ताई तो मोडका हात धरून उभी होती.

"काय मॅडम, न सांगता आलासा?" तो मला हसत म्हणाला. "इंग्लिश शाळेत फोन कराय शिकवत न्हाईत व्हय?" मग बायांकडे वळून, "गोठ्यात घसरली. मी न्हेणारच हुतो. उद्या न्हेतो."

मी म्हणाले, "दाजी, मी ताईला मिरजेला घेऊन जाते. आत्ता."

"आन् मी न्हाई म्हटलं तर?" हे तो इतक्या हळू, इतक्या प्रेमानं म्हणाला की मागच्या बायांना ऐकूही गेलं नसेल. मला ऐकू आलं.  मला स्वच्छ दिसलं की माझ्यात काहीही ताकद नाही. याच्यापुढे करायला माझ्याकडे काही उरलेलं नाही. त्या क्षणी मला एकही प्रार्थना आठवली नाही. मनात फक्त एवढंच आलं, आता तूच. कुणाला म्हणाले, तेही धड माहीत नाही.

आणि आराधिणीनं बसल्या जागेवरून आरोळी दिली, "आई अंबाबाईचा..." आमच्याकडे ही आरोळी ऐकली की पुढचे शब्द आपोआप तोंडात येतात, लहानपणापासून अंगात भिनलेलं असतं. अंगणातल्या सगळ्या बाया एका सुरात म्हणाल्या, "उदो उदो!" आणि सगळ्यांचे हात जोडले गेले. तिनं पुन्हा आरोळी दिली. पुन्हा सगळ्यांनी उचलली, मामीचा आवाज सगळ्यांच्या वर. दाजीचेही हात जोडले गेले होते. त्याचे दोन्ही हात छातीशी जोडलेले, मान खाली झुकलेली. ताईनं ते पाहिलं. तिनं उंबरा ओलांडला, सांडलेल्या पिठात तिचं पाऊल उमटलं, आणि ती त्या जोडलेल्या हातांच्या समोरून चालत अंगणाबाहेर गेली. मी आरूला उचललं आणि तिच्या मागून निघाले. मागे उदो उदो चालूच होतं. किती वेळ चालू होतं, मला माहीत नाही. पाणंदीत शिरल्यावरही ऐकू येत होतं.

उसामधून चालताना ताईनं एकच विचारलं, "बाबांना काय सांगशील?" मी म्हटलं, "माहीत नाही." मला वाटलं ती थांबेल. ती थांबली नाही.

रस्त्यावर मामी धापा टाकत आम्हाला येऊन मिळाली आणि तिनं एक वडाप, म्हणजे सीटमागं पैसे घेणारी जीप, थांबवली. मिरजेपर्यंत मी मागच्या काचेतून बघत होते. प्रत्येक मोटरसायकल त्याचीच वाटत होती. तेवढ्यात मामाचा फोन आला. त्याचा आवाज आम्हा सगळ्यांना ऐकू येत होता. मामी शांतपणे म्हणाली, "वरडा. आत्ताच वरडून घ्या. दवाखान्यात फोन बंद ठेवाय लावत्यात." ताई हसली. त्या हसण्यानंही तिचा हात दुखला असणार.

दवाखान्यात एक्स-रे काढला. हाड मोडून बरेच दिवस झाले होते आणि ते तसंच वाकडं जुळायला लागलं होतं, ऑपरेशन करावं लागणार होतं. डॉक्टरबाईंनी विचारलं, "कसं झालं?" ताई म्हणाली, "पडले." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी ताईकडे बघितलं. हे सांगणं तिचं होतं, आणि ती सांगणार नाही याचीच मला भीती होती. पडल्याची नोंद झाली असती तर हात बरा झाला असता आणि ताई परत त्याच दारात गेली असती. यापूर्वी तसंच झालं होतं.

मामीनं वाटेतूनच साताऱ्याला फोन केला होता. दुपारनंतर बाबा आले. आईही आली होती, डॉक्टरांचं न ऐकता. बाबांना बघून मी उभी राहिले, ओरडा खायला. ते सरळ डॉक्टरबाईंकडे गेले. डॉक्टरबाई त्यांना एक्स-रे समजावून सांगत होत्या. मोडलेल्या जागेच्या वर एक बारीक रेघ होती. "हे आधीचं आहे. आपोआप जुळलेलं. साधारण सहा-आठ महिन्यांपूर्वीचं असेल." बाबांनी ती फिल्म हातात घेतली आणि खिडकीच्या उजेडात धरून बघत राहिले. बैठक होऊन वर्षाच्या वर झालं होतं. म्हणजे ही रेघ शपथेनंतरची होती. बाबांच्या शब्दानंतरची.  

ते ताईच्या कॉटवर कडेला बसले. "शब्द मी दिला होता," ते म्हणाले. "तू नव्हता दिलास."   आईनं त्यांच्या हातातून फिल्म काढून घेतली.

 ताईनं डॉक्टरबाईंना हाक मारली. "मॅडम, मी पडले नव्हते," ती म्हणाली. "लिहून घ्या."

त्यानंतरचं सगळं सरळ झालं असं मी म्हणणार नाही. पोलीस आले, जबाब झाला, प्रकरण कोर्टात आहे. वस्तीवरून फळं घेऊन माणसं आली, गोड बोलून गेली, मग धमक्या आल्या. ताई आता साताऱ्यात आमच्याजवळ राहते. तिची बोटं अजून पूर्ण मिटत नाहीत. गल्लीत मोटरसायकल थांबली की आम्ही सगळेच बोलायचे थांबतो, आणि ती पुढे गेली की काहीच झालं नाही असं दाखवत पुन्हा बोलायला लागतो. भीती जायला वेळ लागतो. ती एका माणसाच्या हातातून येते आणि मग घरभर राहते.

आराधिणीचं नाव मला माहीत नाही. मामीनं नंतर वस्तीवरच्या जावेला विचारलं. ती म्हणाली, उन्हं कलेपर्यंत म्हातारी उंबऱ्यातून हलली नाही. दाजी मोटरसायकलकडे वळला की ती आरोळी द्यायची आणि सगळ्या बायांदेखत त्याला हात जोडून थांबावं लागायचं. देवीकडे पाठ फिरवून कसं जायचं? मग तिनं तांब्याभर पाणी मागून प्यायलं आणि पलूसच्या रस्त्यानं निघून गेली. ती कोण होती, याचा मी अर्थ लावत बसत नाही. साधी बाई असेल. नवरात्रात अशा कितीतरी फिरतात. पण मी ज्या क्षणी संपले होते, तिथून पुढचं कुणीतरी उचललं, एवढं मात्र मी अंगणात उभं राहून पाहिलं आहे. त्यासाठी मी रोज हात जोडते, आणि आता मागे उभी राहत नाही.

शरण जाणं म्हणजे मुकाट सोसणं, असं आमच्या घरातल्या बायका पिढ्यान्‌पिढ्या समजत आल्या. त्या दिवसानंतर मला वाटतं, शरण जायचं ते एकालाच, आणि त्याला शरण गेल्यावर बाकी कुणापुढे वाकायचं राहत नाही. आईला मी हे बोलून दाखवलेलं नाही. परवा संध्याकाळी दिवा लावताना ती मला म्हणाली, "इतकी वर्षं मी देवीकडे काय मागत होते माहीत आहे? माझ्या लेकीला सोसायचं बळ दे." तिनं दिव्यात तेल घातलं. "आणि देवीनं इतकी वर्षं ते ऐकलं नाही, म्हणून मी तिच्यावर रुसले होते." तिनं वात पुढे सारली. आतल्या खोलीत ताई आरूवर ओरडत होती, अभ्यासावरून, चांगली मोठ्यानं. आम्ही दोघी तो आवाज ऐकत तशाच उभ्या राहिलो.